कोहमाऱ्याला लालवर जाणारा काटा

माणसं सकाळी उठून आधी चहा घेतात. आमचे शेजारी दौलतकाका आधी गाडीच्या बॉनेटवर हाताची मागची बाजू टेकवून बघतात. गाडी अंगणात उभी, डिसेंबरचा महिना, पत्र्यावर दव. तरी काका डोळे मिटून अंदाज घेतात आणि म्हणतात, "सध्या तर थंडी हाय. पण हिचा काही भरोसा नाही."

गाडी साठ-बासष्ट सालातली. तिचं घराणं सांगत नाही, कारण पुढे तिचं बरंच उणंदुणं निघणार आहे. गोंदियाच्या एका राईस मिलच्या गोदामात ती वर्षानुवर्षं पडून होती. काका वीजखात्यात लाइनमन होते. एका वादळात दोन दिवस खांबांवर चढून त्यांनी मिलची लाइन सुरू करून दिली होती. मिलवाल्या शेठजींनी ते लक्षात ठेवलं आणि काका रिटायर झाले त्या दिवशी गाडीची चावी त्यांच्या हातावर ठेवली. सीटच्या शिवणीतून अजून धानाचा कोंडा गळतो. पांढरी पँट घालून त्या गाडीत बसणं मी दोन हजार सहा सालीच सोडलं.

माझं सासर गोंदियाला आणि काकांनाही दर रविवारी गोंदियाला काहीतरी काम निघायचंच, म्हणून मी त्यांचा कायमचा प्रवासी. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळे काका मला मास्तर म्हणत आणि माझ्या ज्ञानाबद्दल जरा सावध असत.

गाडीला आजार एकच. डॅशबोर्डावर इंजिनची उष्णता दाखवणारा काटा आहे. सडक अर्जुनीहून निघताना तो गुणी मुलासारखा डाव्या कोपऱ्यात बसलेला असायचा. कोहमाऱ्याचा चौक दिसू लागला की ताडकन लालवर. आमच्या गावाहून कोहमारा इतका जवळ, की चालत गेलं तर अंगाला घामही येणार नाही. तिथंच दर वेळी जणू घाट चढून आल्यासारखी ही गाडी तापायची. काका गाडी कडेला घेत आणि गंभीर चेहऱ्यानं जाहीर करत, "पाणी मागून राहिली."

याचा शोध काकांनी चार वर्षं घेतला. त्याची एक वही होती. रेडिएटरची टोपी बदलली, काटा लाल. थर्मोस्टॅट बदलला, काटा लाल. इंजिनवर पाण्याची उष्णता ओळखणारं पितळेचं बोंड असतं, ते दोनदा बदललं, काटा लाल. नागपूरच्या भंगारातून आख्खा काटाच नवीन आणला, तोही आठवड्याभरात बिघडला. गोंदियाच्या मिस्त्रीनं हात टेकले. "चाचा, इंजन एकदम ठंडा है," तो म्हणाला, "काँटा झूठ बोल रहा है."

काकांना ते पटलं नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "फॉल्ट जिथं दिसते तिथं नसते, मास्तर. नवेगावच्या जंगलात बावीस खांब चढलो मी. फॉल्ट निघाली तेविसाव्यावर." घरातली भाजी खारट झाली, शाळेचा निकाल कमी लागला, ग्रामपंचायतीत भांडण झालं, सगळ्याला हे एकच वाक्य लागू पडायचं.

कोहमाऱ्याला पाणी घ्यायची जागा ठरलेली होती. चौकाच्या अलीकडे एक पंक्चरचं दुकान, त्याच्या मागं दोन खोल्यांचं घर. ते घर काकांच्या एकुलत्या एका मुलीचं, सुनंदाचं. काकांनी तिच्यासाठी तहसीलमधला कारकून पक्का केला होता आणि तिनं रजिस्टर लग्न केलं पंक्चरवाल्याशी. त्या वेळी काका तिच्या दारात उभे राहून बोलले होते, "या घरचं पाणी माह्या नरड्याखाली उतरणार नाही." आणि काका बोलले म्हणजे बोलले. खांबावर चढताना जोडीदाराच्या शब्दावर जीव टांगलेला असतो, त्यामुळे शब्द मोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. काकू गेल्या तेव्हा सुनंदा चार दिवस घरी येऊन राहिली, सगळं केलं आणि परत गेली. शब्द तिथंच उभा.

पण गाडीनं तर काही शपथ घेतली नव्हती. गाडी थांबली की सुनंदा बादली घेऊन यायची. बाप-लेक एकमेकांकडे बघायचे नाहीत. दोघंही गाडीशी बोलायचे.

"गाडीले खोकला झाल्ता म्हणे," सुनंदा रेडिएटरकडे बघत म्हणायची.

"बरी हाय आता," काका चाकाला सांगायचे. "थंडीचं सकायी सकायी धुणं धुवू नये म्हणा. हात फुटतात."

"गाडी एकटीच जेवते का दोन्ही टाइम?"

"जेवते. मास्तरच्या घरून भाजी येते."

जावई दुकानात टायर ठोकत राहायचा आणि मान वर करायचा नाही. मग काका बसत, गाडी चालू होई आणि गोंदियापर्यंत काटा पुन्हा डाव्या कोपऱ्यात गप्प. मी विज्ञानाचा मास्तर. एवढ्याशा अंतरात उकळणारं इंजिन पुढचा सगळा रस्ता गार कसं राहतं, हा प्रश्न मला चार वर्षांत पडू नये, याची आता लाज वाटते.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मला ज्ञानाचा झटका आला. शाळेचा मल्टिमीटर घरी आणला आणि काका बाजारात गेले असताना गाडीखाली शिरलो. इंजिनवरच्या बोंडापासून काट्यापर्यंत एक तार जाते. ती तार गाडीच्या पत्र्याला टेकली की काटा थेट लालवर जातो, इंजिन गार असलं तरी. तार तपासत तपासत मी डॅशबोर्डाच्या खाली, चालकाच्या डाव्या गुडघ्यापाशी आलो. तिथं बोटभर लांबीची तार उघडी होती. तांबं चकचकत होतं. मी काळी चिकटपट्टी गुंडाळली, हात पुसले आणि काका आल्यावर सांगितलं, "काका, फॉल्ट सापडली."

पिशवी हातात तशीच धरून काका वाकले आणि डॅशबोर्डाखाली बघून आले. मला वाटलं, आता पाठ थोपटतील.

"काऊन हात लावला?" एवढंच म्हणाले. मग जरा थांबून, "बरं केलं."

रविवारी निघालो. कोहमारा जवळ आला आणि काकांचा डावा गुडघा हलू लागला. तो नेहमीच हलायचा, मी त्याला संधिवात समजत आलो होतो. आज तो डॅशबोर्डाच्या खाली टक टक आपटत होता. काटा हलला नाही. काकांनी काचेवर टिचकी मारली. गुडघा पुन्हा आपटला. दुकान आलं. सुनंदा बादली भरून रस्त्याच्या कडेला उभी होती. गाडीनं वेग कमी केला, पण थांबायला कारण सापडेना. आम्ही तिच्यासमोरून निघून गेलो. काका समोर बघत होते आणि आरसा उगाच नीट करत होते. आरशात सुनंदा बादली खाली ठेवत होती.

त्या क्षणी मला ती उघडी तार आठवली. घासून सोललेली तार कडेला फाटल्यासारखी असते. ही दोन्ही टोकांना सरळ, सुरीनं सोलल्यासारखी होती. चाळीस वर्षं तारा सोललेल्या हाताचं काम. मी एका माणसाचा रविवार दुरुस्त करून टाकला होता.

चौक मागे पडला. काका हळूच म्हणाले, "थोडी गरम वाटते का, मास्तर?"

"बघतो," मी म्हणालो. खाली वाकलो, नखानं चिकटपट्टी सोडवली आणि तार पत्र्याला टेकवून धरली. काटा ताडकन लालवर गेला.

"काका, लालवर गेला."

काकांनी काट्याकडे बघितलं नाही. माझ्या वाकलेल्या पाठीकडे बघितलं. "मी म्हनलो नव्हतो, हिचा भरोसा नाही?" असं म्हणत त्यांनी गाडी वळवली. मी दुकानापर्यंत तसाच वाकून बसलो होतो. कंबर आठवडाभर दुखली, पण त्याबद्दल तक्रार नाही.

सुनंदा तिथंच होती. "आज गाडी समोर निघून गेली," ती बॉनेटला म्हणाली. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"काटा बिघडला होता," काका म्हणाले. "मास्तरनं सुधारून टाकला."

"कायले सुधारलं जी मास्तर?" ती मला म्हणाली.

तिनं रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. रेडिएटर काठोकाठ भरलेला. पाणी उतू जाऊन जमिनीवर सांडलं. चार वर्षं ते तसंच सांडत असणार, आणि सांडणारं पाणी तिला चार वर्षं दिसत असणार. बादलीत अर्धं पाणी उरलं. तिनं घरातून गडवा आणला, बादलीतून भरला आणि पहिल्यांदा गाडीकडे न बघता काकांपुढे धरला.

"हे माह्या घरचं नाही, बाबा. गाडीचं उष्टं हाय."

काका विचारात पडले. तारेवर बोट फिरवून फॉल्ट शोधावी तसे ते या वाक्यावरून दोनदा फिरून आले असावेत. फॉल्ट सापडली नाही. त्यांनी गडवा घेतला आणि उभ्या उभ्या सगळा रिकामा केला. दुकानात टायर ठोकायचा आवाज थांबला होता.

"विहिरीचं का?" काकांनी विचारलं.

"हो."

"गोड हाय." मग दुकानाकडे तोंड करून, जरा मोठ्यानं, "जावईबुवा, मागच्या चाकात हवा कमी वाटते. पाहता का जी?"

जावई धावतच आला. सुनंदा चहा ठेवायला आत गेली. काकांनी चष्मा काढून सदऱ्यानं पुसला, बराच वेळ पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, ती पट्टी लावून टाका आता."