कडुबातात्या आणि खोकणाऱ्या गाड्या

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. कडुबातात्या त्याच्या गाडीच्या बुडाकडे बघतात. तुम्ही हात जोडून 'राम राम तात्या' म्हणेपर्यंत ते खाली वाकलेले असतात. नाक सायलेन्सरच्या तोंडाशी, डोळे मिटलेले, आणि असा लांब श्वास की शहागंजात अत्तराच्या दुकानातसुद्धा कुणी घेत नसेल. मग सावकाश उठतात, गुडघे झटकतात आणि राम रामाच्या जागी निदान सांगतात, "खोकती ही. कधीपासून?"

हे पहिल्यांदा माझ्या स्कूटरच्या बाबतीत घडलं तेव्हा मी इतका हादरलो, की किल्ली त्यांच्या हातात ठेवून घरी चालत गेलो. स्कूटर आजारी आहे हे ऐकून बायकोने तिच्या हँडलला मिरची-लिंबू बांधलं. तात्यांनी ते सोडलं आणि कार्बोरेटर साफ करून आणा म्हणाले.

तात्या गारखेड्यात माझे शेजारी. दोन घरांत मिळून एकच भिंत, त्यामुळे त्यांच्या घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी मला कळतं. पेट्रोल पंपाच्या कडेला त्यांची एक पांढरी व्हॅन उभी असते. तिच्यात गाड्यांचा धूर तपासायचं मशीन, कॉम्प्युटर आणि एक पत्र्याची खुर्ची. गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायची, मशीन आकडा दाखवतं, आकडा मर्यादेत असला की पीयूसीचा कागद मिळतो. पण मशीनच्या आधी तात्यांचं नाक. घराणं देवगाव रंगारीकडचं, शेळ्या-मेंढ्या राखणारं. त्यांचे वडील म्हणे शेळीचं तोंड हुंगून तिचा आजार सांगायचे. "शेळ्या गेल्या, गाड्या आल्या," तात्या म्हणतात, "हुंगायचं टोक तेवढं बदललं."

नाकाचा आणि मशीनचा निकाल जुळला नाही तर तात्या मशीनचं ऐकतात. पण गाडीच्या सीटवर हात फिरवून तिची माफी मागतात. मी ऐकलंय.

आता जुना जमाना सांगतो, म्हणजे पुढचा धक्का नीट बसेल. त्या काळी आमच्या शहरात पीयूसी काढायला गाडी लागत नसे. गाडी घरी, मालक ऑफिसात, आणि कागद खिशात. फोनवर नंबर सांगितला की काम झालं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची मोटारसायकल चोरीला गेली होती. तिची पीयूसीसुद्धा वेळच्या वेळी निघत होती, आणि दरवेळी ती पास होत होती. चोराने गाडी चांगली ठेवलीय, असं ते समाधानाने सांगायचे.

तात्या मात्र गाडी समोर आल्याशिवाय कागद देत नसत. त्यामुळे त्यांच्या व्हॅनकडे कुणी फिरकत नसे. पत्र्याच्या खुर्चीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या लांबूनच हुंगत आणि स्वतःशी पुटपुटत. लोक त्यांना येडा म्हणत. मी शेजारधर्म म्हणून 'तऱ्हेवाईक' म्हणत असे.

आणि एक दिवस सरकारने नियम बदलले. नव्या गाड्यांना धुराची मर्यादा आवळली. मशीन थेट सरकारच्या कॉम्प्युटरला जोडलं. गाडीचा नंबरप्लेटसकट फोटो निघाल्याशिवाय कागद छापला जाईना. शहरात असा सन्नाटा पसरला की काय सांगू. एका पीयूसीवाल्याने दुकान बंद करून रसवंती टाकली, दुसरा म्हणे तीर्थयात्रेला गेला. आणि आमच्या तात्यांनी गल्लीत पेढे वाटले. पोरगा झाल्यावर वाटतात तसे, घरोघर जाऊन. मी विचारलं, तात्या, आनंद कशाचा? तर म्हणाले, "मास्तर, आता सरकारबी हुंगाया लागलं."

पुढचे काही महिने आम्ही तोंड उघडं टाकूनच जगलो. तात्यांनी नापास केलेल्या गाड्या एका रांगेत लावल्या असत्या तर रांगेचं शेपूट जालन्यात हललं असतं. पंपावर पेट्रोल भरायला आलेल्या गाड्यासुद्धा ते थांबवू लागले. लोक तो पंप चुकवून बीड बायपासवरून वळसा घालू लागले. एका पुढाऱ्याची लांबलचक काळी गाडी आली, पुढेमागे कार्यकर्ते. तात्यांनी वाकून हुंगलं, नळी घातली, आणि निकाल दिला. कार्यकर्ते अंगावर धावले. तात्या म्हणाले, "साहेबांचं भाषण पास हाये. गाडी फेल हाये." मी तेव्हा समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. तो चहा कपातच राहिला, इतका वेळ मी हललो नाही.

एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी स्वतःची मोटारसायकल फेल केली. मग ती भर उन्हात ढकलत घरी आणली आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगितलं, की हिला फेल केलंय. मी म्हटलं, तात्या, घरचीच गाडी आहे, थोडं सांभाळून घ्यायचं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच धूर सोडतोय.

पण खरा हादरा बसला तो शीतलच्या लग्नात.

शीतल ही तात्यांची एकुलती एक लेक. हुशार, बारीक चणीची, कमी बोलणारी. स्थळ चांगलं आलं. मुलगा प्रवीण, बजाजनगरला राहतो, वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर. त्याचे वडील भाऊराव सिल्लोडकडचे, मक्याचे व्यापारी, आवाज असा की बाजार समितीत माइक लागत नाही. लग्न देवगावला, शाळेच्या पटांगणात. तिन्ही बाजूंनी कनाती लावलेला बंदिस्त मांडव. गल्लीतून आम्ही जीप भरून गेलो. तात्यांची व्हॅनही आली होती, भांडी आणि तांदळाची पोती भरून. मशीन उतरवून ठेवायला वेळ मिळाला नाही, असं ते म्हणाले. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आमच्याकडे नवरदेव आधी मारुतीच्या देवळात जातो आणि तिथून वाजतगाजत मांडवात येतो. त्या मिरवणुकीला परण्या म्हणतात. पूर्वी पुढे हलगी-सनई असायची, आता डीजेचा टेम्पो असतो. टेम्पो पार मांडवाच्या तोंडात येऊन उभा राहतो, इंजिन आणि जनरेटर चालूच, आणि पोरं घाम गळेपर्यंत नाचतात. त्यानंतर नवरी बाहेर येते आणि अक्षता पडतात. भाऊरावांनी सिल्लोडहून जो टेम्पो आणला होता तो एवढा मोठा, की त्याच्यावर अजून एक लग्न लागलं असतं.

प्रवीण पांढऱ्या घोडीवर बसला. टेम्पोने पहिला ठोका दिला. आणि गुलाबी फेटा बांधलेले, नवा कोट घातलेले, नवरीचे वडील असलेले कडुबातात्या टेम्पोच्या मागे जाऊन वाकले.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा व्हॅन आडवी लागलेली होती आणि तात्या नळी सोडवत होते. चालक हमीदभाई खाली उतरून हात जोडत होता, "तात्या, शादी का घर है, आज के दिन कायकू?" तात्यांनी त्याला वर बसवलं आणि रेस दाबायला लावली. त्यानंतर जो धूर आला त्याचं वर्णन करायची माझी ताकद नाही. पांढरी घोडी त्या धुरात गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचा मालक तिला शोधत होता.

तात्या म्हणाले, टेम्पो फेल. पुढे जायचं नाही.

वऱ्हाडाला आधी वाटलं चेष्टा आहे. मग भाऊराव पुढे आले. तात्या त्यांना हात जोडून एवढंच सांगत राहिले, की नियम नवे आहेत व्याही, मर्यादा आवळली आहे. भाऊराव म्हणाले, लग्नात कसली आलीय मर्यादा. सगळ्या सिल्लोडला डीजेचं सांगितलंय, मुक्यानं मांडवात गेलो तर लोक तोंडात शेण घालतील. ते देवळाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी जाहीर केलं, "टेम्पो म्होरं गेला तरच परण्या निघंल. नायतर गाड्या वळवा माघारी."

चारशे माणसांचा श्वास एकदम थांबला. मांडवाच्या तोंडाशी गयाकाकू, म्हणजे तात्यांची बायको, हातात अक्षतांचं ताट घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला इतक्या लांबूनही दिसलं.

मी तात्यांना दंडाला धरून देवळाच्या मागे ओढत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. म्हटलं, पोरीचं लग्न मोडतंय, आणि तुम्ही नळ्या काय घालताय? आज एक दिवस नाक बंद ठेवलं तर आभाळ कोसळणार आहे का?

तात्या भिंतीला टेकले. फेटा काढून हातात घेतला.

"मास्तर, शीतलला दमा हाये."

मी त्यांचा दंड सोडला.

"लहानपणापासून. तिच्या आईनं सोयरीक करताना कुणाला सांगू दिलं नाय. दम्याची पोरगी कोण करतंय, म्हनली. आता तो टेम्पो कनातीच्या तोंडात हुबा ऱ्हायला, तर पोरगी अक्षतांच्या आधी खाली बसंल. तवा सगळ्यांला कळंल."

"मग भाऊरावांना बाजूला घेऊन खरं सांगा ना."

"सांगितलं तर लगीन मोडतंय. नाय सांगितलं तर पोरीचा जीव कोंडतो." त्यांनी फेट्याची घडी उगाच सारखी केली. "म्या येडा हाये हे अख्ख्या जिल्ह्याला म्हाईत हाये. तेवढं आज कामाला येऊ द्या. मला येडा म्हनू द्या त्यांना, तिला काय नको म्हनायला."

मी बोलबच्चन माणूस. शोकसभेतसुद्धा मला आवरावं लागतं. पण त्या वेळी मी फक्त त्यांच्या हातातला फेटा घेऊन परत त्यांच्या डोक्यावर ठेवला. आमची सामाईक भिंत आठवली. हिवाळ्यात पलीकडून खोकल्याचा आवाज यायचा, तो मी तात्यांचा समजत होतो. दिवसभर धूर हुंगल्यावर आणखी काय होणार, असं बायकोला हसत सांगतही होतो.

आम्ही पुढे आलो. भाऊराव पायरीवरच होते. तात्या पुन्हा टेम्पोपुढे जाऊन उभे राहिले, हातात नळी, एखाद्या गुराख्याच्या काठीसारखी. पोरं त्यांना हसत होती. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. त्यांनी मान खाली घातली नाही.

तेवढ्यात प्रवीण घोडीवरून उतरला. त्याने मुंडावळ्या मागे सारल्या, वडिलांपुढे जाऊन उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "दादा, टेम्पो इथंच ऱ्हाऊ द्या. म्या पायी जातो. हळदीला वाजवाया आलेले हलगीवाले मामा मांडवात जेवाया बसलेत, त्यांना बोलवा."

भाऊरावांनी तोंड उघडलं. पण नवरदेव चालायला लागलेला होता, आणि नवरदेवाशिवाय पायरीवर बसलेल्या बापाला काही अर्थ नसतो हे त्यांच्या लक्षात आलं. हलगीवाला अर्ध्या जेवणातून बोटं चाटत उठला. त्याने हलगी शेकली आणि अशी कडाडवली, की कन्नडपर्यंतची गुरं दावणीला उभी राहिली असतील. चौथ्या-पाचव्या ठोक्याला भाऊरावांचा खांदा उडाला, मग दुसरा, आणि मांडवापर्यंत पोचताना तेच सगळ्यात पुढे नाचत होते. त्यांची पगडी हमीदभाईने उचलून आणली.

शीतल बाहेर आली. मांडवात फुलांचा आणि भाताचा वास होता, दुसरा कसलाही नव्हता. अक्षता पडल्या. गयाकाकूने रिकामं ताट खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं.

पाठवणीच्या वेळी मांडवापुढे एक निळी गाडी येऊन उभी राहिली. ती आली हेच कुणाला कळलं नाही, इतकी बिनआवाजाची. शीतल बापाच्या गळ्यात पडून रडली, मग काकूच्या, मग माझ्या बायकोच्या. तात्या कोरडे होते. लेक गाडीत बसली, दार लागलं, आणि ते गाडीच्या मागे जाऊन वाकले.

वऱ्हाडात खसखस पिकली. तात्या वाकूनच राहिले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, गुडघे टेकून खाली बघितलं, हात घालून चाचपलं. सगळ्या जिल्ह्याच्या गाड्या अडवलेल्या माणसाला ही गाडी अडवायला काही म्हणजे काही सापडेना.

प्रवीण त्यांच्याशेजारी उकिडवा बसला. मी जवळच होतो म्हणून मला ऐकू आलं.

"तात्या, हिला सायलेन्सर नसतो. बॅटरीवरची हाये. मित्राची मागून आणली, शीतलसाठी." जरा थांबून तो म्हणाला, "तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं व्हतं. घरच्यांना म्या सांगतो, सावकाश. तुम्ही काळजी करू नका."

धोतराला लागलेली माती झटकायचंही तात्यांना सुचलं नाही. उठले, मागच्या काचेवरून एकदा हात फिरवला. काचेच्या पलीकडे शीतल बसली होती.

"जावईबापू," ते म्हणाले, "आठ-पंधरा दिवसांनी हिला घेऊन या गारखेड्याला. तपासून देतो."

"तात्या, हिला पीयूसी लागत नाय."

"म्हाईत हाये," तात्या म्हणाले. "तरीबी आणा."