अमोल आधी पाय बघतो

अमोल कुणालाही भेटला की आधी त्याचे पाय बघतो. चेहरा नंतर. तुम्ही चपला काढून आत येता, नमस्कार-चमत्कार होतात, आणि हा गृहस्थ मान खाली घालून तुमच्या घोट्यांकडे टक लावून बसलेला. ओळख थोडी जुनी असेल तर सरळ वाकतो, नडगीवर अंगठा दाबतो, मनातल्या मनात पाचपर्यंत मोजतो आणि अंगठा उचलून म्हणतो, "खड्डा पडतोय. सूज आहे, मीठ कमी करा." नखं वाढलेली दिसली तर खिशातून नेलकटर काढतो. आमच्या सोसायटीचे चेअरमन एकदा भर मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवर तावातावाने बोलत होते, आणि हा त्यांच्या टाचांच्या भेगा न्याहाळत होता. चेअरमन मला नंतर म्हणाले, "तुमचा मित्र फार लाजाळू आहे हो."

लाजाळू! हा माणूस अनोळखी लोकांच्या घरी जाऊन पाचव्या मिनिटाला "पोट साफ होतं का?" असं विचारतो.

आम्ही दोघं चाकणच्या एकाच कंपनीत, एकाच वर्षी लागलो. मी क्वालिटीला, तो मेंटेनन्सला. दोघंही परमनंट झालो. आता परमनंट म्हणजे काय, ते आमच्या भागाबाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्याकडे मुलाचं रूप, रंग, स्वभाव, सगळं त्या एका शब्दात येतं. काळा आहे, पण परमनंट आहे. तापट आहे, पण परमनंट आहे. थोडीफार घेतो, पण परमनंट आहे ना! मुलीचे वडील पुढचं ऐकतच नाहीत, तारीख विचारतात.

आणि अमोलने परमनंट सोडलं.

झालं असं, की त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. हा शिफ्ट सांभाळून दोन वर्षं त्यांचं सगळं करत होता. अंघोळ, दाढी, भरवणं, डायपर, सगळं. वडील गेले. लोक म्हणाले, चला, सुटला बिचारा, आता लग्न करेल. तर ह्याने तेराव्यानंतर राजीनामा दिला, एका हॉस्पिटलात अटेंडंटचा कोर्स केला आणि घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचं करायला लागला.

"अरे, का पण?" मी अक्षरशः ओरडलो होतो.

"मशीन बंद पडलं की कसे चौघं पळत येतात राव," तो म्हणाला. "माणूस बंद पडला की घरचेच त्या खोलीचं दार लोटून घेतात. मी बघितलंय."

"मग तू काय सगळ्यांची दारं उघडत हिंडणार?"

"दर दोन तासांनी कूस बदलायला कुणीतरी लागतं."

हे त्याचं पालुपद. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. हा नियम तो जगातल्या कुठल्याही गोष्टीला लावतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला तरी म्हणतो, "दोन तास झाले, ह्या सगळ्यांची कूस बदलायला पाहिजे."

त्याची आई चाकणजवळच्या गावची. तिने तर कपाळच बडवून घेतलं. "परमनंट व्हता रं तू! आता पाव्हण्यांना काय सांगू? दुसऱ्याच्या बापाचं हागणं-मुतणं काढतोय म्हनून सांगू?"

"सांग की," अमोल म्हणाला. "खरंच हाय ते."

ह्याचं हे खरं बोलणंच नडलं. लग्नासाठी बायोडाटा मी करून दिला होता. व्यवसायापुढे झोकात लिहिलं, 'आरोग्य सेवा क्षेत्रात कार्यरत'. ह्याने पेनने खोडलं आणि खाली लिहिलं, 'आजारी म्हाताऱ्या माणसांचं घरी जाऊन सगळं करतो.'

"सगळं म्हणजे काय, ते लोक विचारतील रे बाबा."

"विचारू दे. मी सांगीन."

आणि तो सांगायचा हो! समोर कांदेपोहे असताना सांगायचा.

तळेगावला एक स्थळ बघायला गेलो होतो. मुलगी शाळेत शिक्षिका. वडील रिटायर्ड, सोफ्यावर ऐसपैस बसलेले. निघताना अमोल त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "यशस्वी व्हा." हा उठेना. काकांना वाटलं, आशीर्वाद कमी पडला. "सुखी राहा," ते जरा मोठ्याने म्हणाले. तरी हा खालीच.  मग खालून आवाज आला, "काका, खड्डा पडतोय. रात्री लघवीला किती वेळा उठता?"

मुलगी खुदकन हसली. मी शपथेवर सांगतो, चांगलं हसली होती. पण आईने तिच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि तिला आत पाठवलं. दोन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

पंधरा दिवसांनी त्याच घरातून परत फोन. काकांच्या किडनीचं निघालं होतं, अंगावर सूज चढली होती. "ते तुमचे अमोल येतील का हो, ह्यांचं करायला?" मी म्हटलं, आता सांग त्यांना, पत्रिका जुळत नाही म्हणून! हा बॅग घेऊन निघाला सुद्धा. महिनाभर रोज चिंचवडहून तळेगावला जाऊन आला.

"उतरले पाय काकांचे," एके दिवशी सांगत आला.

"आणि मुलगी?"

"तिचं जमलं. पोरगा कॉन्ट्रॅक्टवर आहे, पण होईल म्हणे परमनंट."

मग आईने त्याला वधू-वर मेळाव्याला नेलं. मीही होतो. एकेक मुलगा माइकवर येऊन पॅकेज, फ्लॅट, गाडी सांगत होता. ह्याने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "नमस्कार. मी चाकणला परमनंट होतो. आता अंथरुणावरच्या माणसांना अंघोळ घालतो, दाढी करतो, कूस बदलतो. मला स्वयंपाक येतो. धन्यवाद." हॉलमध्ये पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. जेवणाच्या रांगेत मात्र लोक गुपचूप त्याच्याजवळ यायला लागले. सात जणांनी नंबर घेतला. आईचा चेहरा असा उजळला! मग कळलं, सातही जणांच्या घरी म्हातारं माणूस होतं. मुलीचं कुणी बोललंच नाही.

परतताना रिक्षात आईने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "लोकांच्या म्हाताऱ्यांचं काढतोस. लगीन न्हाई झालं तर तुझं कोन काढंल रं?"

अमोल नेहमीसारखा हसला नाही. बाहेर बघत बसला.

इथपर्यंत मी लोकांवर तोंडसुख घेतलं. ढोंगी लेकाचे! जावई करून घ्यायचा नाही, मुलगी द्यायची नाही, फक्त बाप सांभाळायला माणूस पाहिजे. मित्रांत बसून मी हे इतक्या वेळा बोललोय की बायको म्हणायची, "पुरे आता, पाठ झालंय आम्हाला."

मग आमचे अण्णा पडले. माझे वडील. उजवी बाजू पूर्ण गेली, बोलणंही गेलं. अर्थात अमोल आला. दुसऱ्या कुणाला बोलवायचा प्रश्नच नव्हता.

माझी धाकटी बहीण वैशाली हिंजवडीत नोकरीला. आमची आई गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. कंपनीची कॅब तिला दमलेली-भागलेली दाराशी सोडायची आणि ती आधी अण्णांच्या खोलीत जायची. शनिवार-रविवारी तर तिथेच. अमोल तिला शिकवायचा, अण्णांना न उचलता चादर कशी बदलायची, उशी कुठे लावायची. दोघं मिळून अण्णांची दाढी करायची. एकदा अण्णांनी फेस उडवला आणि ती इतकी हसली, की मी बाहेरच्या खोलीत पेपर खाली ठेवला. आई गेल्यानंतर ते हसणं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. क्वालिटीत जन्म गेला, बारीकसारीक फरक नजरेतून सुटत नाही. वैशाली दारातून आत आली की अमोल तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. पाय बघायचं विसरायचा.

एका रविवारी सकाळी तो मला बाल्कनीत घेऊन गेला. नेलकटर हातात, उघड-मिट, उघड-मिट चाललेलं.

"राव, एक विचारू? राग धरू नको. नाही म्हणालास तरी अण्णांचं काही कमी करणार नाही मी."

"बोल की."

"वैशालीसाठी... माझं बघशील का?"

तो आमच्यातलाच होता. नाहीतर तेवढं एक कारण तरी माझ्या हाताशी आलं असतं. वयही बसत होतं. निर्व्यसनी, स्वयंपाक येणारा, मी पंधरा वर्षं ओळखत असलेला. आणि माझ्या डोळ्यांपुढे काय आलं? माझ्या सासुरवाडीची माणसं विचारतायत, 'जावई काय करतात?'

"अरे, तिचं जमत आलंय," मी म्हणालो. "बोललो नाही का तुला?"

कशाचं जमतंय? कुठेच काही नव्हतं.

"असं होय," तो म्हणाला. "बरं झालं की." आणि घड्याळ बघून आत गेला. अण्णांची कूस बदलायची वेळ झाली होती.

त्या आठवड्यात वैशालीने भाजी निवडता निवडता विचारलं, "दादा, अमोल तुला काही बोलला का रे?"

"नाही. का गं?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि पुढे कधीच काही बोलली नाही.

दोनदा खोटं बोलून झालं होतं, आता ते खरं करणं भाग होतं. मी आयुष्यात एवढ्या तातडीने कुठलं काम केलं नाही. तीन महिन्यांत मुलगा शोधला. आयटीतला, पिंपळे सौदागरला अकराव्या मजल्यावर फ्लॅट. माणूस वाईट नाही, उगाच कशाला खोटं बोलू? जावई काय करतात, हे एका श्वासात सांगता येतं.

लग्नाच्या दिवशी अण्णांजवळ कोण थांबणार? मीच अमोलला विचारलं. होय, मीच. "तूच थांब रे. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची भीती वाटते." ह्यात मात्र एक अक्षर खोटं नव्हतं.

"थांबतो की," तो म्हणाला. "फोन लावून दे फक्त. अण्णांना दिसलं पाहिजे."

दुपारी साडेबाराचा मुहूर्त. मंगलाष्टकं सुरू झाली, बायकोने व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्यासमोर धरला. अण्णा उशांना टेकून बसलेले, नवा सदरा, डोक्यावर चक्क फेटा. अमोल फोनमध्ये कुठेच दिसत नव्हता. फक्त त्याचा हात दिसत होता. प्रत्येक 'सावधान'ला तो हात अण्णांचा लुळा हात मनगटाला धरून वर उचलायचा, बोटं उलगडायचा, आणि अक्षता फोनवर पडायच्या. एकही 'सावधान' चुकला नाही. वैशालीने पाटावरून एकदा फोनकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. बायका म्हणाल्या, वडिलांना बघून रडली. मी पण तसंच म्हटलं. म्हणायला काय जातं!

पाठवणी उरकून सहाच्या सुमाराला घरी आलो. अमोलसाठी जेवणाचा डबा आणला होता. खोलीत गेलो तर अण्णा डाव्या कुशीवर शांत झोपलेले. फेट्याची नीट घडी करून ठेवलेली. आणि अमोल पलंगापाशी गुडघ्यावर बसून, एका हाताने मोबाइलचा टॉर्च धरून, दुसऱ्या हाताचा तळवा चादरीवरून हळूहळू फिरवत होता.

"काय शोधतोयस?"

"अक्षता." त्याने मूठ उघडून दाखवली. दहा-बारा पिवळे दाणे होते. "एक जरी खाली राहिला तरी रुततो राव. सकाळपर्यंत पाठ लाल होते. मघाशी दोनदा काढून झाल्या, तरी निघतायतच अजून."

मी खुर्चीत बसलो. 

"जेवलास का?"

"अण्णांनी चार चमचे श्रीखंड खाल्लं. लेकीचं लग्न ना." मग चादरीकडेच बघत त्याने विचारलं, "नीट गेली ना? फार रडली नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. हे तिसरं खोटं.

त्याने दाणे कागदात बांधून खिशात ठेवले. टॉर्च बंद करताना त्याची नजर माझ्या पायांवर गेली. पहाटेपासून उभा होतो, मोजे घोट्यात रुतले होते. तो गुडघ्यांवरच सरकत माझ्याजवळ आला, मोजा खाली केला आणि नडगीवर अंगठा दाबला. माझ्या पायाशी वाकलेलं त्याचं डोकं माझ्या हाताच्या अंतरावर होतं. पुढचे केस पिकायला लागले होते. माझा हात आपसूक वर गेला आणि तसाच राहिला. तळेगावच्या त्या काकांनी निदान दोन आशीर्वाद तरी दिले होते. माझ्या तोंडून एक निघेना.

त्याने पाच मोजले असतील. अंगठा उचलला.

"खड्डा पडतोय," तो म्हणाला. "पाय वर घेऊन बस जरा."