बाथरूममधलं पिंप

"आज तुमची वाइन पहिली आली नाही, तर सोमवारी ते पिंप बाथरूममधून बाहेर जाणार," बायकोने सकाळपासून चौथ्यांदा बजावलं आणि टेबलावर ग्लास मांडायला घेतले.

"पहिलीच येणार," केमिस्टसाहेब म्हणाले. आत्मविश्वास हा त्यांचा जुना आजार होता आणि त्यावर त्यांच्या दुकानातही औषध नव्हतं.

बत्तीस वर्षं काउंटरमागे उभं राहून ते परवाच निवृत्त झाले होते. एवढ्या वर्षांत डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात एक चूक नाही! ज्या चिठ्ठीपुढे बाकीच्या दुकानांनी हात टेकले, ती साहेब चष्मा न लावता वाचत. याचा त्यांना भयंकर अभिमान. दुसरा अभिमान पिंपाचा. गच्चीवरच्या वेलीच्या द्राक्षांची वाइन त्यांनी दीड वर्ष त्या पिंपात जपली होती, आणि घरातली सगळ्यात गार जागा बाथरूमचीच. दीड वर्ष घरची माणसं पिंपाला वळसा घालून अंघोळ करत होती.

निवृत्ती साजरी करायला शनिवार-रविवार दोन जिगरी दोस्त राहायला आले होते. एक डॉक्टर. दुसरा पायलट. पायलट म्हणजे विमानवाला नव्हे हं. तो ड्रायव्हिंग शिकवायचा आणि स्वतः कधी तिसऱ्या गिअरच्या वर गेला नव्हता. दोघांनी एकेक उंची बाटली आणली होती.

"लेबल बघून कुणीही वा वा करतं," साहेबांनी फर्मान काढलं. "लेबलं नकोत. डॉक्टर, तू स्वयंपाकघरात जा, दार लाव, आणि सगळ्या वाइन या औषधाच्या बाटल्यांत ओत. नुसते नंबर टाक. कुठला नंबर कुणाचा, ते चिठ्ठीवर लिहून खिशात ठेव."

डॉक्टर आत गेला तो अर्ध्या तासाने उगवला, चेहरा लाल आणि हातात चार बाटल्या.

"चौथी कुणाची रे?"

"ती गंमत आहे. शेवटी कळेल."

पहिल्या नंबरचा घोट घेऊन पायलटने तोंड वाकडं केलं. "अरे, ही तर हँडब्रेक लावूनच निघालीय!"

"घसा धरला की मी अशाच गुळण्या सांगतो," डॉक्टर म्हणाला.

साहेब सगळ्यांत मोठ्याने हसले. "पायलट, तुझीच असणार ही!"

दुसरी झकास निघाली, चौथीही झकास. पण तिसरी जिभेवर आली मात्र, सगळ्यांनी पुन्हा ग्लास पुढे केले. डॉक्टरने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. पायलटने डोळे मिटले.

"पहिला गिअर कधी पडला, चौथा कधी पडला, कळलंच नाही रे!"

"दीड वर्ष जपलंय," साहेब कॉलर ताठ करत म्हणाले. "हीच माझी. काढ चिठ्ठी!"

बायकोने एक छोटा घोट घेतला आणि ग्लास हळूच खाली ठेवला.

डॉक्टरने चिठ्ठी काढली. सरळ धरून बघितली, मग उलटी धरून बघितली. "हे कुणी लिहिलंय?"

"तूच, अजून कोण?"

"मला नाही लागत हे अक्षर. आणि आता आठवतही नाही. ओतताना मी प्रत्येकीची जरा खात्री करून घेतली होती."

पायलटने मोबाइलवर फोटो काढून तो मोठा केला, तर गिचमिडही मोठी झाली. शेवटी तिघांच्याही नजरा साहेबांकडे वळल्या.

साहेबांनी चिठ्ठी घेतली आणि पहिल्या ओळीवर नजर टाकताच त्यांना घाम फुटला. एक नंबर, केमिस्ट. गुळण्या त्यांच्याच होत्या! एक आणि तीन यांची नुसती अदलाबदल केली की पिंप वाचत होतं. पकडणार कोण? लिहिणाऱ्यालाच वाचता येत नव्हतं. पण बत्तीस वर्षांत त्यांच्या काउंटरवरून खोकलेवाल्याला जुलाबाचं औषध गेलं नव्हतं. आता पिंपासाठी खोटं वाचायचं?

त्यांनी घसा साफ केला. "एक... माझी."

पायलटला ठसका लागला. "त्या गुळण्या?"

"हो, त्याच. दोन पायलट. चार डॉक्टर."

"आणि तीन?"

साहेबांनी दोनदा वाचलं. मग बत्तीस वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठीसाठी चष्मा लावला.

"तीन... वहिनी."

"हां, बरोबर! वहिनींनीच गुपचूप दिली होती मला," डॉक्टरला आत्ता आठवलं.

"तुम्ही डागाळलेली म्हणून फेकायला दिलेली द्राक्षं," बायको शांतपणे म्हणाली. "दोन बरण्या भरल्या होत्या."

"अगं, पण ठेवल्यास कुठे?"

"पिंपाच्या मागे. बाथरूम घासायला तुम्ही कधी वाकलात, म्हणून दिसणार? यंदा सहा भरायच्यात. तेवढ्यासाठी तर म्हणतेय, पिंप हलवा."

साहेबांनी चष्मा काढला. मग त्यांनी तीन नंबरचा उरलेला ग्लास उचलला, सावकाश संपवला आणि त्यांचे डोळे चक्क भरून आले.

सोमवारी पिंप गेलं, त्याच्या जागी बरण्या आल्या. घरची माणसं आता बरण्यांना वळसा घालून अंघोळ करतात. येईल त्याला साहेब हात धरून बाथरूममध्ये नेतात आणि छाती फुगवून सांगतात, "आमच्या हिची पहिली आली. आणि ते वाचलं कुणी? मी!"