डाव्या हाताचं चित्र

रविवारी दुपारी चित्रकलेचे सर जेवणाच्या टेबलावर कागद पसरून डाव्या हाताने चित्र काढत बसले होते. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता, कारण तो मधे मधे येऊन रेघा सरळ करत होता.

"अहो, हाताला काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही. लहान मुलासारखं काढून बघतोय."

"कशाला? चांगलं येतं की तुम्हाला."

हेच तर दुखणं होतं. बावीस वर्षं सर फळ्यावर एक बरणी आणि दोन सफरचंदं काढत आले होते आणि मुलं ती उतरवून घेत आली होती. कुणाची बरणी कलली की सर स्वतः ती नीट करून देत. त्यामुळे शाळेत दरवर्षी चारशे बरण्या तयार होत आणि त्यातली एकही कललेली नसे. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि या वर्षी नव्या बाई आल्या.

नव्या बाई फळ्याला हातच लावत नसत. काय काढायचं ते मुलं ठरवत, रंग मुलं कालवत, आणि चित्र झालं की काढणारा त्याच्याशेजारी उभा राहून सगळ्यांना त्याबद्दल सांगे. बाई खाली बसून ऐकत. त्यांच्या वर्गातून हसण्याचे आवाज आले की सरांची मुलं बरणीची सावली भरता भरता खिडकीकडे माना वळवत. सरांचा नुसता जळफळाट होई. मधल्या सुट्टीत बाईंच्या मागे मागे मुलांचा घोळका चाले. सरांच्या मागे बावीस वर्षांत कोणी चाललं नव्हतं. पुढे मात्र पुष्कळ जण पळाले होते.

त्यात चित्रकलेची खोली एकच, मोठ्या खिडक्यांची, आणि ती आजवर सरांची. पुढच्या वर्षी ती कोणाला द्यायची हे मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शाळेत होणारं चित्रांचं प्रदर्शन पाहून ठरवणार होत्या. खोली गेली तर सरांना खडूचा डबा घेऊन वर्गावर्गांतून फिरावं लागलं असतं.

त्यात काय एवढं, आपल्यालाही जमेल, असं म्हणून सर शुक्रवारी वर्गात गेले. "आज मनाला येईल ते काढा."

चाळीस मुलं ढिम्म बसून राहिली. शेवटी एक हात वर आला. "सर, मनाला येईल ते किती इंच उंच काढायचं?"

"कितीही."

"समास सोडायचा का?"

"तुझी मर्जी."

"मर्जी फळ्यावर काढून दाखवाल का, सर?"

तास संपला तेव्हा चाळीस कागदांवर चाळीस बरण्या होत्या. एका धीट मुलाने तिसरं सफरचंद काढलं होतं, पण तोही घाबरून ते खोडत होता.

म्हणून रविवारी हा डावा हात. निदान एक मोकळं चित्र आपल्या गठ्ठ्यात असावं आणि त्यावर त्या धीट मुलाचं नाव घालावं, असा सरांचा बेत होता. पण समोर फळा नसल्यामुळे त्यांनाही काही सुचेना. तेव्हा मनात जे रात्रंदिवस घर करून बसलं होतं तेच कागदावर उतरलं. मधोमध हिरव्यागार नव्या बाई. त्यांच्या खांद्यांवर, हातांवर, केसांत मुलंच मुलं. बाईंची थोडी जिरावी म्हणून सरांनी त्यांना होडीएवढे बूट घातले. आणि खाली कोपऱ्यात, खडू धरून उभा असलेला एक मुंगीएवढा माणूस.

"हा कोपऱ्यात कोण?" बायकोने विचारलं.

"कोणी नाही. जागा उरली होती."

सरांनी चित्र गठ्ठ्यात सरकवलं आणि नाव मागाहून घालू म्हणून ठेवून दिलं. ते राहूनच गेलं आणि गठ्ठा प्रदर्शनाला गेला. शनिवारी सर प्रदर्शनाच्या दालनात पोचले तर चित्र नव्या बाईंच्या भिंतीवर, अगदी मधोमध लागलेलं. प्रदर्शन मुलांनीच मांडायचं, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं.

"हे इकडे कसं?" सरांनी विचारलं.

"सर, यात बरणी नाही ना," एक मुलगी म्हणाली.

काढून घ्यावं तर कोणाचं ते सांगावं लागणार. सर आपल्या बरण्यांच्या भिंतीकडे वळले.

पाहुणे म्हणून आलेले म्हातारे चित्रकार सगळ्या बरण्या दहा पावलांत ओलांडून गेले आणि या चित्रासमोर दहा मिनिटं उभे राहिले. "इथलं सगळ्यांत खरं चित्र हे," ते म्हणाले. "सगळी पोरं या बाईंकडे गेली आणि हे एक कोपऱ्यात राहिलंय. त्याला कोणी बोलवत नाही. केवढं जळतंय बघा त्याच्या मनात."

सरांच्या चित्राला इतक्या वर्षांत कोणी एवढं चांगलं म्हटलं नव्हतं. त्यांची छाती फुगली आणि लगेच पोटात दुखू लागलं, कारण मोठ्या बाई कौतुकाने नव्या बाईंकडे बघत होत्या. "खोली तुम्हालाच द्यायला हवी," त्या म्हणाल्या. "अशी चित्रं तुमच्याच वर्गात होतात." स्वतःचाच हेवा करायची वेळ सरांवर आली.

नव्या बाईंचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी एकेका मुलाला विचारून पाहिलं. चित्र कोणाचंच नव्हतं. दालन रिकामं झाल्यावर त्या सरांजवळ आल्या.

"सर, खोलीचं राहू द्या. माझ्या वर्गात कुणाला तरी इतकं एकटं वाटतंय आणि मला कळलंसुद्धा नाही. तुम्ही या मुलांना कधीपासून ओळखता. कोण असेल हो?"

त्यांचे डोळे भरून आले होते. सरांना वाटलं होतं त्यापेक्षा त्यांचे बूट बरेच लहान होते.

"ते तुमच्या वर्गातलं नाही," सर हळूच म्हणाले. "माझ्या वर्गातलं आहे."

"कितव्या बाकावर बसतं?"

"बाकावर नाही बसत. खुर्चीवर बसतं."

बाईंनी एकदा चित्रातल्या खडूकडे पाहिलं, एकदा सरांकडे. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकारच म्हणायचे.

"मग सोमवारी पाठवा त्याला माझ्याकडे."

"त्याचा तास असतो."

"वर्गाला घेऊनच येऊ दे. चित्रकलेच्या खोलीत सगळे मावू."

सोमवारी सर मुलांच्यात जमिनीवर अवघडून बसले. बाईंनी काही सांगितलं नाही, त्यामुळे बराच वेळ विचार करून सरांनी मांजर काढायला घेतलं. शेजारच्या मुलीनेही मांजरच घेतलं होतं. थोड्या वेळाने सरांनी तिच्या कागदाकडे तिरक्या नजरेने पाहिलं. तिचं मांजर फारच छान जमलं होतं. सरांनी मुकाट्याने कोपर आडवं केलं आणि आपला कागद झाकून घेतला.