ताकाच्या पावाचे प्रमाणीकरण

कोणतीही वस्तू खराब होण्याचे मुख्य कारण ती वापरली जाणे हे आहे. सामान्य माणसाच्या हे लक्षात येत नाही, कारण सामान्य माणसाला वस्तू वापरायची असते. निवृत्त अन्न निरीक्षकांना मात्र हे सत्य नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात उमगले आणि पुढची तेहतीस वर्षे त्यांनी त्यावर निष्ठेने काढली. सेवाकाळात त्यांनी एकूण चार हजार आठशे बारा नमुने घेतले, बाटल्यांत भरले, लाखेने सील केले आणि कपाटात ठेवले. त्यांतला एकही नमुना त्यांच्या ताब्यात असताना बिघडल्याची तक्रार आली नाही. (एकही उघडला गेला नाही, हा निव्वळ योगायोग.)

अशा माणसाने निवृत्त होऊन घरी बसावे आणि त्या घरात नेमके स्वयंपाकघर असावे, म्हटल्यावर पुढचे टळण्यासारखे नव्हते.

निरीक्षकांची पत्नी दर शनिवारी ताकाचा पाव भाजत असे. वरून तांबूस, आतून मऊ, आणि घास गिळल्यावर मागे किंचित आंबटपणा ठेवणारा. त्याचा वास जिन्यावरून खाली तळमजल्यापर्यंत जाई. तिथल्या दंतवैद्याचे म्हणणे असे की शनिवारी येणारे रुग्ण तोंड उघडायला कुरकुर करत नाहीत. पावाचे सगळे मर्म खिडकीतल्या चिनीमातीच्या बरणीत होते. रोज संध्याकाळी कोमट दुधात कालच्या ताकाचा एक चमचा घालायचा, सकाळी घुसळायचे, पुन्हा त्यातला चमचा संध्याकाळसाठी राखायचा. लग्न होऊन निघताना आईने तिला हे विरजण एका झाकणाच्या डब्यात घालून दिले होते. पुढे आई गेली, घर विकले गेले, भावांनी भांडी वाटून घेतली. बरणीतला तो आंबट चमचा तेवढा चौतीस वर्षे रोज नवा होत राहिला. तिला माहेर उरले होते ते तेवढेच, आणि ती ते रोज संध्याकाळी दुधात कालवत होती.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच शनिवारी निरीक्षकांनी ओट्याशी स्टूल ओढून पाहणी केली. आढळलेल्या त्रुटी अशा:

(अ) पीठ. "दोन ओंजळी, मग हात सांगेल तसं." (हाताचे कोणतेही लेखी म्हणणे दप्तरी आढळले नाही.)

(आ) सोडा. "चिमूटभर." चिमूट कोणाची, याचा उल्लेख नाही.

(इ) ताक. "चांगलं आंबलं की." किती, असे विचारता "चाखून बघायचं" हे उत्तर. उत्तर देणारीने लगेच चाखूनही दाखवले.

(ई) भाजण्याचा अवधी. "वास आला की."

"अगं, पण तू शेजारी गेलेली असलीस आणि वास आला, तर?" निरीक्षकांनी विचारले.

"तर शेजारीण सांगते, जा, तुझा पाव झाला."

निरीक्षकांनी हे उत्तर शब्दशः लिहून घेतले आणि खाली तांबडी रेघ ओढली. इतकी बेशिस्त प्रक्रिया त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. त्यातून दर आठवड्याला चांगला पाव निघत होता, ही बाब त्यांना अधिकच गंभीर वाटली.

तशात मुलीचा फोन आला. ती बारा वर्षे दुसऱ्या शहरात राहत होती.

"आई, घेतला एकदाचा ओव्हन. तीन आठवड्यांनी येते मी. ते तुझं ताकाचं सगळं दाखव मला, आणि या खेपेला विरजण नेणार म्हणजे नेणार."

"दाखवते गं. त्यात आहे काय एवढं?" पत्नी म्हणाली, आणि दिवसभर उगाच गुणगुणत राहिली.

निरीक्षक म्हणाले, "दाखवून काय होणार? दाखवलेलं माणूस विसरतो. लिहायला पाहिजे." आणि त्यांनी फाइल उघडली. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले: 'घरगुती ताकपाव: प्रमाणसंहिता'.

पुढच्या दोन आठवड्यांत नऊ पाव भाजण्यात आले. पत्नीचा हात पिठाच्या डब्यातून वर आला की निरीक्षक "थांब" म्हणत आणि खाली वजनकाटा धरत. ओंजळ सरासरी एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅमची भरली. निरीक्षक अगदी खांद्याशी उभे असल्यास एकशे एक्क्याण्णव. चिमटीची तपासणी चौदा वेळा झाली आणि चौदाव्या वेळी पत्नीने सोडा काट्यावर न टाकता निरीक्षकांच्या चहात टाकला. ते अंघोळीला गेले असताना घेतलेली ओंजळ मोजता आली नाही, त्यामुळे ती ग्राह्य धरलेली नाही. नवांपैकी तोच एक पाव फुगला होता.

या तपासणीच्या काळात निरीक्षकांनी स्वतः ताक किंवा पाव चाखला नाही. चाखलेला माणूस निःपक्ष राहत नाही, हा त्यांचा जुना नियम होता. नोकरीत मिठाईवाल्यांनी त्यांच्यापुढे ताटे धरली, तेव्हाही त्यांनी तो मोडला नव्हता. मग घरच्या पावासाठी मोडण्याचा प्रश्नच नव्हता.

अडतीस पानांची संहिता तयार झाली. तीत ओंजळीची व्याख्या होती, चिमटीचा तक्ता होता आणि वासाच्या पाच पायऱ्या होत्या. फक्त एक उणीव राहिली. प्रमाण ठरवायचे तर प्रमाणित नमुना हवा. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत तरी सीलबंद पाहिजे. ताकाचा असा नमुना दप्तरी नव्हता.

तेवढ्यात पत्नीच्या बहिणीचे डोळ्याचे ऑपरेशन निघाले आणि पत्नी चार दिवसांसाठी तिकडे गेली. जाताना पायात चपला घालता घालता तिने सांगितले, "रोज संध्याकाळी कोमट दुधात एक चमचा. दुसरं काही करू नका. बाकी घर उलथंपालथं झालं तरी चालेल, पण एवढं विसरू नका."

सूचना तोंडी होती आणि तिच्यावर तारीख नव्हती. तरीही निरीक्षकांनी ती पहिल्या संध्याकाळी पाळली, हे त्यांच्या उदारपणाचे लक्षण मानावे लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बरणी खाली घेतली. नियम असा होता की दुग्धजन्य पदार्थाचा नमुना तीन समान भागांत घ्यावा आणि प्रत्येक भाग दोनशे मिलिलिटरपेक्षा कमी असू नये. बरणीत सहाशे दहा मिलिलिटर ताक होते. हा शुभशकुन समजून त्यांनी तीन बाटल्या भरल्या. उरलेले दहा मिलिलिटर नोंदीत बसत नव्हते, म्हणून मोरीत ओतले. मग बरणी उकळत्या पाण्याने तीन वेळा धुऊन उन्हात उलटी घातली.

आता दुधाचे पदार्थ नाशवंत. ते जसेच्या तसे राहावेत म्हणून नमुन्यात फॉर्मालिनचे थेंब टाकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत आहे. त्या थेंबांनी आत जे काही जिवंत असेल ते थांबते आणि नमुना पुढे बदलत नाही. निरीक्षकांकडे नोकरीतली एक बाटली उरली होती. त्यांनी थेंब मोजून टाकले, बुचे लावली, दोरा गुंडाळला, लाख वितळवून शिक्का उमटवला आणि चिठ्ठ्या डकवल्या: भाग एक, प्रयोगशाळेसाठी. भाग दोन, कार्यालयात राखीव. भाग तीन, संबंधित पक्षास, म्हणजे मुलीस, द्यावयाचा. सगळ्यांवर 'पिण्यास अयोग्य' असा इशाराही लिहिला. निवृत्तीनंतर इतके समाधान त्यांना पहिल्यांदाच लाभले. उरलेले दिवस ते येता-जाता बाटल्यांकडे बघत होते.

पत्नी परत आली ती थेट खिडकीशी गेली.

"बरणी उलटी का आहे?"

निरीक्षकांनी बाटल्या दाखवल्या. "दहा वर्षं काही होणार नाही याला. तुला आता रोजची कटकट नाही."

"यात काय घातलंत?"

"नियमाप्रमाणे घालतात ते."

तिने बाटली हातात घेतली, हलवून पाहिली, लेबल वाचले. निरीक्षकांना वाटले की ती ओरडेल. ती ओरडली असती तर त्यांनी उत्तरही दिले असते. ओरडणाऱ्या दुकानदारांना उत्तरे देण्यातच त्यांची हयात गेली होती. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आईचं होतं हो ते." एवढेच. मग उठून तिने दूध तापवायला ठेवले, चमचा हातात घेतला, आणि तो कशात बुडवायचा हे न कळून तशीच उभी राहिली. निरीक्षकांनी सवयीने वही उघडली. यासाठी त्यांच्याजवळ रकाना नव्हता.

चूक दुरुस्त करण्यात मात्र त्यांनी कसूर केली नाही. चौतीस वर्षांत पत्नीकडून कोणी कोणी विरजण नेले, याची यादी त्यांनी तिच्याकडून तोंडी उतरवून घेतली. सव्वीस घरे निघाली. स्टीलचा पेला घेऊन ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला निघाले. ताकाला जाऊन भांडे लपवू नये म्हणतात. त्यांनी पेला छातीशी उघडा धरला होता. लपवण्याची पाळी समोरच्यांवर आली.

"तुमच्या मिसेसचं विरजण म्हणजे अमृत आहे हो," शेजारीण म्हणाली. "मी तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते."

"तेच हवं होतं. एक चमचा."

"अगंबाई, आत्ताच नेमकं नाही. आम्ही चार दिवस बाहेर गेलो ना, तेव्हा गेलं ते."

"कधी गेला होता?"

"झाली असतील सहा वर्षं."

दंतवैद्याने सरळ सांगितले की तो दुधात लिंबू पिळतो, आणि वर जोडले, "फरक कळत नाही." शिंपीणबाईंनी मोबाइल काढून निरीक्षकांना त्यांच्याच पत्नीचा पीठ मळतानाचा व्हिडिओ दाखवला, तो तीनशे बारा जणांनी पाहिला होता आणि बहुतेकांनी खाली बदाम पाठवले होते. निवृत्त मुख्याध्यापिकेने पावाची कृती लॅमिनेट करून फ्रिजवर लावली होती. फ्रिजमध्ये ताकाची पिशवी दुकानातली होती.

दुपारपर्यंत सर्वेक्षण पूर्ण झाले. विकतचे ताक, अकरा घरे. लिंबू किंवा व्हिनेगर, सात. व्हिडिओ किंवा लेखी कृती, पाच. "तुमच्याकडे आहे म्हटल्यावर आम्ही कशाला ठेवायचं?", तीन. जिवंत विरजण, शून्य. सव्वीसच्या सव्वीस घरांनी पावाची तोंड भरून स्तुती केली. दोघींनी, भांडे रिकामे जाऊ नये म्हणून, पेल्यात साखर घातली. जिना चढताना निरीक्षक तिसऱ्या मजल्यावर थांबले आणि तिथल्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले.

ठरल्या दिवशी मुलगी आली. निरीक्षकांनी तिला संहिता दिली, भाग तीन दिला, आणि झाले ते सगळे सांगितले. सवयीने त्यांनी 'नमुना घेण्यात आला' अशी सुरुवात केली, मग थांबून 'मी घेतला' असे म्हटले. मुलीने संहिता ओट्यावर उघडून ठेवली. तिने विकतचे ताक आणले आणि संहितेबरहुकूम पाव भाजला. ओंजळ एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅमची, वास पाचव्या पायरीचा. अडतीस पानांतल्या एकाही कलमाचा भंग झाला नाही.

पत्नीने तुकडा तोंडात घातला. "छान झालाय," ती म्हणाली.

निरीक्षकांनी हा सूर ओळखला. लोकांच्या घरी जेवायला गेल्यावर ती असे म्हणत असे. त्यांनी हात पुढे करून स्वतः एक तुकडा घेतला आणि खाल्ला. चौतीस वर्षांत पत्नीचा पाव त्यांनी शनिवारच्या चहाबरोबर पेपर वाचता वाचता गिळला होता. चवीकडे लक्ष देऊन खाल्लेला पाव हाच पहिला. काय गेले ते त्यांना कळले नाही, कारण आधी काय होते तेच त्यांनी पाहिले नव्हते.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

"तुमचं एकट्याचं कुठे, बाबा," मुलगी म्हणाली. "बारा वर्षं मी दर खेपेला म्हणते, पुढच्या वेळी नेते. चमचाभर तर न्यायचं होतं."

पत्नी उठून ताटल्या गोळा करू लागली. तिला कोणी थांबवले नाही.

तिन्ही बाटल्या आजही उत्तम स्थितीत आहेत. संहितेला तर इतकी मागणी आली की छायाप्रती काढाव्या लागल्या. सव्वीस घरांनी एकेक नेली, त्यांच्या नातेवाइकांनी नेल्या, आणि सर्वांनी ती जपून ठेवली आहे. अद्याप कोणी पाव केल्याची नोंद नाही.

वाचकहो, निरीक्षकांना हसण्याचा आपला हक्क आम्हाला मान्य आहे. हसून झाले की कृपया पुढील माहिती भरावी: आपल्या आईच्या हातचा जो पदार्थ आपण चारचौघांत वाखाणता, तो तिच्या शेजारी उभे राहून, स्वतःच्या हाताने, शेवटचा कधी केला? ('व्हिडिओ काढून ठेवलाय' आणि 'पुढच्या वेळी शिकून घेणार आहे' ही उत्तरे लिहू नयेत. ती आमच्याकडे पुरेशी जमली आहेत.)