रत्नमाळ हत्तीण शाळेत घातली त्याची हकीकत

श्रीगजवदनास दंडवत. मस्तक हत्तीचे आणि हाती लेखणी, तेव्हा पुढील मजकुरास त्याचीच साक्ष. शके सतराशे एकोणीस, पिंगल नाम संवत्सर, चैत्र मास. एका राज्यी, ज्याचे नाव पुसू नये, महाराज राज्य करीत होते, ते मनाचे थोर आणि हाताचे सैल, आणि लढाई लांबोन खजिना ऐसा रिता जाहला कीं आत उंदीर शिरला त्यास कुरतडावयास काही न मिळोन तो बाहेर येऊन पहारेकऱ्याची भाकर मागू लागला. फडणीस सखोपंत, मनुष्य वाईट नव्हेत, परंतु एका फाटक्या गोधडीत सारे राज्य निजवावयाचे काम त्यांचे कपाळी आले, एकाचे पाय झाकावे तों दुसऱ्याचे उघडे पडत. ऐशात रत्नमाळ हत्तीणीचा विषय निघाला. ती दसऱ्यास महाराजांची अंबारी वाही आणि बाकी साल बसोन खाई, आणि खाणे ऐसे कीं तिने भुकेने कान हलविला तर पेठेत उसाचा भाव चढावा. तिचा माहूत पीरखान, त्याने ती आईवेगळी पिलू असता दूधभात चारोन वाढविली होती. त्यास फडणीस बोलिले, "पीरखान, वाड्याचे खाजगी खात्याकडोन तिचा चारा आता निभत नाही. दुसरे खाते मिळाले तर ठीक, नाहीतर शेजारचे राजे मागताहेत, त्यांस नजर करू." पीरखानाने फडणिसांचे पाय धरिले. म्हणाला, "मग मलाही नजर करा, सरकार." फडणीस म्हणाले, "तू खातोस तेवढे आम्हांस झेपते. रडू नको, बघतो."

मग प्रथम दवाखान्याचे खाती घालावी म्हणोन विचारिले, तों वैद्यबुवा पगडी सावरीत आले आणि बोलिले, "खाते तिचे तर औषधही तिचे. एकदा पोट बिघडले तर राज्यातला सगळा हिरडा एका घोटात जाईल. मग प्रजेने काय, हत्तीणीकडे बघोन बरे व्हावे?" मग निराधार बायकांचे अन्नछत्राकडे वळले, तों त्या बायका केरसुण्या घेवोन देवडीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बसवा कीं आमच्या पंगतीला. पण वाढणार कोण, आणि मागचे काढणार कोण, तेवढे फडणिसांनी आधी ठरवावे." फडणीस दोन प्रहर मागील दाराने येत-जात होते. मग शाळा उरली. पोरे दरबारी येऊन भांडत नाहीत आणि केसोपंत पंतोजी बोलत हळू, म्हणोन शाळेचे छपरास काढिलेला पैका हत्तीणीचे चाऱ्यास लाविला आणि उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणोन फडणिसांनी नेम केला कीं जो शाळेचे खाईल त्याचे नाव शाळेत असावे आणि त्याने रोज हजर राहावे. येणेप्रमाणे रत्नमाळ शाळेत दाखल जाहली. पंतोजी हजेरीस नाव घेत, ती सोंड वर करोन ऐशी ओ देई कीं शाळेमागील चिंचेवरली वानरे गाव सोडोन गेली.

आषाढ लागला आणि छप्पर जागोजाग गळू लागले. पंतोजी म्हणाले, "पीरखान, तुझी विद्यार्थिनी आमचे छप्पर खाऊन बसली रे." पीरखानाने मान खाली घातली, आणि हत्तीण अंगणात मधोमध आणोन उभी केली, आणि लहान पोरे धूळपाट्या घेऊन तिचे पोटाखाली कोरडी बसली, आणि पंतोजी भिजत शिकवीत राहिले. ओढ्यास पूर आला तेव्हा पलीकडची पोरे घरीच राहावयाची, ती पीरखान हत्तीणीचे पाठीवर घालोन आणू लागला, आणि शाळा कधी भरली नव्हती तैशी भरली. ही गंमत पाहावयास राहीबाई कोष्टीण लेकीस हाती धरोन आली आणि पंतोजीस पुसू लागली, "पंतोजीबाबा, ही कोण?" ते म्हणाले, "रत्नमाळ." "बाई का बुवा?" "हत्तीण आहे, बाई." "म्हणजे बाईच कीं. मग माझ्या ठकूने काय घोडे मारिले?" पंतोजी बहुत वेळ कान खाजवीत बसले, शास्त्र आठविले, पुराण आठविले, त्यांत हत्तीण शाळेत गेल्याचेच कोठे नव्हते तर तिचेमागून कोणी येऊ नये ऐसे कोठून सापडावे. मग म्हणाले, "बस गे ठकू, पण शेपटीकडे बसू नको." दुसरे दिवशी साळ्याची आली, मग न्हाव्याची, मग खासा पीरखानाची लेक हमीदा, जी तोवर ऊस तोडोन हत्तीणीपुढे घालीत असे, ती पुढल्या ओळीत येऊन बसली. श्रावण सरता तिने अंगणातल्या धुळीत बोटाने काही काढिले आणि म्हणाली, "अब्बा, हे तुमचे नाव." पीरखान वाकोन पाहात राहिला. त्यास एक अक्षर लागेना. परंतु त्या दिवशी त्याने हत्तीण त्या अक्षरांवरोन नेली नाही, साऱ्या अंगणास वळसा घालोन नेली.

आश्विन आला. लढाई थांबोन चार पैसे येऊ लागले आणि महाराजांनी दसऱ्याची अंबारी सजवावयास सांगितले. तेव्हा फडणीस दरबारी बोलिले, "हत्तीण शाळेचे खाती आहे. ती खाजगीकडे परत घ्यावी आणि शाळेतले नाव काढावे, म्हणजे छपराचा पैका छपरास जाईल. आणि पोरी तिच्या आधारे आल्या होत्या, तो आधार गेला, तेव्हा त्याही घरी जातील. तेवढाच भार हलका." छपराचे नाव ऐकोन पंतोजीस हर्ष जाहला आणि पुढले ऐकोन ते आपले पायाचे अंगठ्याकडे पाहू लागले. पीरखान खांबाआड उभा होता. हत्तीण राजवाड्यात परतावी म्हणोन त्याने सहा मास पिरास ऊद जाळिला होता, आणि आता परतते तों सकाळी हमीदा धूळपाटी पुसताना जे विचारीत होती ते त्याचे डोळ्यापुढे आले: "अब्बा, मी उद्याही जायची ना?" महाराजांनी हाक दिली, "काय पीरखान, हत्तीण तयार?" तो पुढे येऊन म्हणाला, "तयार आहे, सरकार. पण तिची हजेरी बुडेल." दरबार खदखदून हसला. महाराजही हसले आणि म्हणाले, "बुडू दे कीं." "तिची बुडाली तर पोरींची बुडते, सरकार. माझीही त्यांत आहे." फडणीस म्हणाले, "अरे, ज्याचे खाणे त्याचेकडे नाव, हा नेम आहे. मी काय हौसेने करतो?" पीरखान हात जोडोन म्हणाला, "नेम साहेबांचा, मी कोण बोलणार. पण पंतोजींची सगळी पोरे घरी जेवितात आणि शाळेत शिकतात. रत्नमाळ तेवढी शाळेचे खात होती, ती बेघर म्हणोन. तिला घर आहे कीं नाही, एवढे हुजुरांनी सांगावे."  दसऱ्यास पाहुणे आलेले शेजारचे राजे लोडास टेकोन ऐकत होते, त्यांचेदेखत आमचे हत्तीणीस घर नाही ऐसे कोणत्या राजाने म्हणावे? महाराजांनी मिशीवरोन हात फिरविला आणि बोलिले, "घर आमचे. जेवील येथे, शिकेल तेथे. पोरीही तैशाच. छप्पर घाला." फडणीस हळूच म्हणाले, "आणि चारा कशातोन, महाराज?" "या साली दसऱ्याचे दारूकाम नको, आतषबाजीचा पैका चाऱ्यास लावा." "पाहुणे काय म्हणतील?" "सांगा, हत्तीणीचा अभ्यास चालला आहे, तीस आवाज सोसत नाही." दसऱ्यास रत्नमाळ अंबारी घेवोन निघाली, आणि पंतोजींनी तिला एक दिवसाची रजा दिली.

याउपरी मुद्दा इतकाच. मार्गशीर्षी छप्पर जाहले. साल अखेरीस फडणिसांनी पुसविले कीं हत्तीणीचा अभ्यास पुरा जाहला असेल तर नाव काढावे आणि तिचे मागील पोरींचाही हिशेब उरकावा. पंतोजींनी तिची परीक्षा घेतली. ओनामा काढावयास सांगितला, तिने पाटी खाल्ली. शेरा लिहोन पाठविला, "कच्ची आहे, त्याच वर्गात ठेविली." पुढील साली तेच, त्यापुढील साली तेच. कधी तिने चुकोन मातीत गोल रेघ ओढिली तर पंतोजी स्वतः पायाने पुसोन टाकीत. तिचे नाव आहे तोवर पोरींस कोणी उठवू शकत नाही. हल्ली हमीदाची लेक तिचेशेजारी बसते. रत्नमाळ अजोन पहिल्याच धड्यात आहे, तब्येत उत्तम आहे, आणि हत्तीचे आयुष्य मोठे असते.