आशीर्वाद अडकला, हात वरच

करागंदा शहरातल्या सपारगाली यांची एकुलती एक नात इंजू चालण्याच्या बेतात आली होती. पोर चालणार असं दिसलं की त्याच्या पायांना दोरी बांधायची, वडीलधाऱ्याने आशीर्वाद द्यायचा, मग दोरी कापून पहिलं पाऊल टाकू द्यायचं, ही रीत. मुलगा येर्मुखान याने या रीतीत काळानुरूप सुधारणा करून समारंभाचं थेट प्रक्षेपण ठरवलं. अडचण एवढीच निघाली की सगळे नातेवाईक गावातच होते. प्रक्षेपण आहे आणि बघायला कोणी नाही, हे बरं दिसलं नसतं. तेव्हा सर्वानुमते इंजूच्या आजी-आजोबांची प्रेक्षक म्हणून नेमणूक झाली. समारंभ अंगणापलीकडच्या इमारतीत होता.

"अहो, पलीकडेच तर आहे. चालत जाऊ," बायको झिबाश म्हणाली.

"मग संगणकासमोर कोण बसणार? पोराला शब्द दिलाय." असं म्हणाले खरे, पण नातीचं पहिलं पाऊल हुकेल या धास्तीने सपारगालींना सकाळपासून घास गिळवत नव्हता.

चित्र सुरू झालं आणि लगेच मधोमध एक गोल गरगरू लागला. त्यांनी इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावून तो संगणकाच्या बुटक्या टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. पलीकडून गौहर नावाची मुलगी बोलत होती. तिने संगणक बंद करून चालू करायला लावला, मग इंटरनेटचा डबा, मग फ्रिज. फ्रिजचा संबंध काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण तसा नियम होता. चित्र खरंच पुढे सरकलं.

पडद्यावर थोरले व्याही दोसिमबेक यांनी आशीर्वादासाठी दोन्ही तळहात छातीसमोर पसरून उचलले. सपारगाली आणि झिबाश यांनीही उचलले. आशीर्वाद देणारा स्वतःच्या तोंडावरून हात फिरवत नाही तोवर आपले हात खाली घ्यायचे नसतात. आणि नेमके तेव्हाच व्याही गोठले.

"काका, माउस घ्या आणि पान पुन्हा उघडा," गौहर म्हणाली.

"हात वर आहेत."

"का?"

"आशीर्वाद चाललाय."

"अगं बाई, आधी नाही का सांगायचं?" असं म्हणून तिनेही हात वर केले. आता तिला काहीच दाबता येईना, म्हणून तिने साहेबांना हाक मारली. साहेबांनी कारण ऐकलं आणि चारचौघांत वाईट दिसायला नको म्हणून तेही सामील झाले. पाहता पाहता अख्ख्या मदतकेंद्राचे हात वर गेले आणि शहरातल्या उरलेल्या ग्राहकांना 'आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे' ही ध्वनिफीत ऐकू येऊ लागली.

"साहेब, हे किती वेळ चालायचं?" सपारगालींनी विचारलं.

"जोडणी आमच्याकडून उत्तम आहे. तुम्ही हात खाली घेतलेत, तर ग्राहकाने आशीर्वाद अर्ध्यावर सोडला अशी नोंद होईल."

"तरी मी म्हणत होते, चालत जाऊ," झिबाश म्हणाली. तिचे खांदे भरून आले होते.

"गप्प बस. आशीर्वाद चाललाय."

तेवढ्यात दार उघडून सून अक्बोपे आत आली. कडेवर गोधडीत गुंडाळलेली इंजू होती.

"हे काय, बाबा? आशीर्वाद केव्हाच संपला. लोक जेवायला बसले. दोरी कापली, पण पोरीने पाऊल टाकलंच नाही. चित्रीकरणाच्या दिव्यांना बिचकून मटकन खाली बसली. म्हटलं, आजोबांना बघून तरी चालेल."

"तिकडे संपला असेल. इथे चालू आहे."

अक्बोपेने इंजूला खाली उभं केलं. इंजूने आजोबांचे पसरलेले हात पाहिले. ते आपल्याला उचलायलाच धरलेत अशी तिची समजूत झाली आणि ती निघाली. डुलत, अडखळत, कुणाचाही आधार न घेता ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. नेमकी पडदा झाकून.

सपारगालींनी मान डावीकडे झुकवली, मग उजवीकडे.

"इंजू, बाजूला हो, बाळा. आता तुझं पहिलं पाऊल दाखवणार आहेत."

पोर टेबलाचा पाय धरून रडू लागली. मदतकेंद्रात तक्रार त्याच दिवशी निकाली निघाली. चित्र न दिसण्याचं कारण, नात. तुम्ही तिथे असतात तर तिला झटकन उचलून घेतलं असतंत, यात शंका नाही. फक्त त्यासाठी हातातला मोबाइल खाली ठेवावा लागला असता, आणि मग तिचं चालणं टिपलं कोणी असतं?